घरची शाळा : अक्षरें न लागणारें मूल

गेल्या दोनतीन महिन्यांत ह्या सदराकडे जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं एका भगिनीचें पत्र मीं मुद्दाम बाजूला काढून ठेविलें होतें. ह्या बाई धुळें जिल्ह्यांतील एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील असून पत्र स्वतःच्या मुलाविषयीं नाहीं, धाकट्या दिरांच्या मुलाविषयीं आहे. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरींत. रामरक्षा तोंडपाठ, घरांतील पंखा कां बंद पडला हें बापाच्या आधीं ओळखतो, आजोबांशीं बुद्धिबळें खेळतांना त्यांस घाम फोडतो. आणि तोच मुलगा 'बदक' हा शब्द पुस्तकांत दिसला कीं मुका होतो. काल घोटून घेतलेलें अक्षर आज त्यास अनोळखी. आजोबा म्हणतात आळशी आहे, वडील म्हणतात आजीनें लाडावून ठेविला आहे, शाळेंतील बाई म्हणतात लक्ष नाहीं. चुलत बहीण वर्षानें लहान, पण घडाघडा वाचते. तेव्हां रोज दिवेलागणीनंतर तिचें वाचन झालें कीं ह्याचें, आणि ह्याचें झालें कीं मार, असा क्रम ठरून गेला आहे. शेवटीं त्या लिहितात, "हा मुलगा मंद आहे काय, असें मोठ्या जावेनें घरांत विचारिलें तर त्याचा अर्थ भलताच होईल. म्हणून आपणांस विचारतें."

उत्तर आधीं देतों, कारण सांगणें मागाहून. मुलगा मंद नाहीं. मंद मुलाला पंखा कळत नाहीं आणि घोडा अडीच घरें कसा जातो हेंही कळत नाहीं. दुरून निदान करणें हें वैद्याचेंही काम नव्हे, मग निवृत्त मास्तराचें कोठून असणार! परंतु इतर सर्व बाबतींत चलाख असलेलें मूल केवळ लिखित अक्षरापाशीं अडखळत असेल, तर त्या अडखळण्यास शास्त्रांत नांव आहे, त्याची तपासणी आहे, आणि उपायही आहे. मात्र ती तपासणी आतां व्हावी. पांचवी-सहावीची वाट पाहूं नये.

ह्या गोष्टीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८७७ सालीं कुसमाउल ह्या जर्मन वैद्यानें, मेंदूस इजा होऊन ज्यांचें वाचन गेलें अशा प्रौढ माणसांच्या स्थितीस 'शब्दांधत्व' असें नांव दिलें. दहा वर्षांनीं, १८८७ त, स्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन ह्यांनीं 'डिस्लेक्सिया' हा शब्द घडविला. त्या शब्दाच्या आरंभीं जो ग्रीक उपसर्ग आहे तो आणि 'दुष्कर', 'दुर्गम' ह्यांतील आपला 'दुस्' हे सख्खे भाऊ, हें संस्कृतज्ञ वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. पण जन्मतः, मेंदूस कोणतीही इजा नसतां असें होऊं शकतें हें प्रथम स्पष्ट मांडिलें तें इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांतल्या सीफर्ड गांवच्या डॉक्टर प्रिंगल मॉर्गन ह्यांनीं. १८९६ च्या नोव्हेंबरांत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्यें त्यांनीं पर्सी नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चुणचुणीत, खेळांत कोणास हार न जाणारा, सात वर्षांचा असल्यापासून शाळेंत व शिक्षकांच्या हाताखालीं. आणि एवढी खटपट होऊनही साधे एकाक्षरी शब्द त्यास धड वाचतां येईनात. ७४९ ला ८६७ नें गुणावयास सांगितलें तेव्हां त्यानें तें झटकन् व बिनचूक केलें. स्वतःचें नांव मात्र लिहिलें तें 'पर्सी' च्या जागीं 'प्रेसी', आणि दाखवून देईपर्यंत त्यास चूक दिसली नाहीं. त्याच्या मास्तरांचा अभिप्राय असा होता कीं, शिक्षण सर्व तोंडी असतें तर हाच शाळेंतील सर्वांत हुशार मुलगा ठरता. सव्वाशें वर्षांपूर्वींच्या त्या अनामिक मास्तरांबद्दल माझ्या मनांत फार आदर आहे. पर्सीच्या न वाचण्यावरून त्यांनीं त्याची अक्कल मोजली नाहीं.

पुढें ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड ह्यांनीं अशा मुलांवर १९१७ सालीं पुस्तकच लिहिलें. आरंभींचे हे संशोधक पुष्कळसे डोळ्यांचेच वैद्य होते, कारण मूल वाचीत नाहीं म्हटल्यावर आईबाप प्रथम डोळे दाखवावयास नेत. डोळे तर ठणठणीत निघत. आजही आपल्याकडे पहिली धांव चष्म्याच्या दुकानाकडेच असते. डोळे व कान दोन्ही तपासून घ्यावेत, हें योग्यच. कानांत मळ सांठून किंवा वारंवार कान फुटून कमी ऐकूं येणारें मूलही अक्षरांत मागें पडतें. पण डोळे-कान निर्दोष निघाल्यावर "मग आळसच" असा निर्णय देऊन मोकळें होणें हें तर्कशास्त्रास धरून नाहीं.

दोष मग कोठें असतो? गेल्या पन्नासएक वर्षांच्या संशोधनाचा कल असा आहे कीं, मुळाशीं बहुधा ध्वनीची बाब असते. आपण बोलतों तेव्हां शब्द अखंड प्रवाहासारखा वाहात असतो. वाचावयाचें म्हणजे त्या प्रवाहाचे वर्ण सुटे करावयाचे आणि एकेका वर्णास एकेक आकृति जोडावयाची. बहुतेक मुलांस ही फोड दोन-तीन वर्षांच्या शिकवणीनें साधते. कांहींना तो शब्द दगडासारखा एकसंध लागतो. त्याचे तुकडे पडत नाहींत, आणि तुकडे पडत नाहींत म्हणून अक्षर चिकटविण्यास जागा सांपडत नाहीं. आमच्या पूर्वजांनीं वेदाच्या संहितेचा पदपाठ केला, पदांचा क्रमपाठ केला, आणि शिक्षा नांवाचें वेदांगच वर्णांच्या उच्चारासाठीं निर्माण केलें, तें अक्षर लिहितां यावें म्हणून नव्हे, तर कानास वर्ण वेगळा ऐकूं यावा म्हणून. ज्या मुलाचें मीं वर वर्णन केलें, त्याचा नेमका हा पदपाठच अडलेला असतो. मेंदूचीं चित्रें घेण्याच्या नव्या यंत्रांनींही हेंच दाखविलें आहे कीं, वाचनाच्या वेळीं डाव्या बाजूचे जे भाग इतरांत जागृत होतात ते ह्या मुलांत मंदपणें काम करितात. आणि योग्य शिकवणीनंतर त्यांत फरक पडतो.

आतां आपल्या लिपीकडे वळूं. बालबोध लिपि जसें बोलावें तसें लिहावें अशी, म्हणून आपल्या मुलांस हा त्रास होत नसावा, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. आपली लिपि इंग्रजीच्या मानानें फार प्रामाणिक आहे यांत संशय नाहीं. पण तिच्याही खोड्या आहेत. 'कि' ह्या अक्षरांत वेलांटी आधीं काढावयाची आणि उच्चार मागाहून करावयाचा. रफार त्याच्या उलट. उच्चार आधीं आणि चिन्ह पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'कर्म' आणि 'क्रम' ह्यांत ध्वनि तेच, फक्त रकाराची जागा बदलली. पर्सीचें 'प्रेसी' झालें तें हेंच. घ-ध, भ-म, थ-य, ब-व, ट-ढ हीं जुळीं भावंडें आहेतच. आणि संख्या? इंग्रजी मुलास सव्वीस अक्षरें शिकावयाचीं असतात. आपल्या मुलास चौतीस व्यंजनांची बाराखडी, म्हणजे चारशें आठ रूपें, आणि त्यावर जोडाक्षरें. सशक्त मुलासही हें सर्व पचावयास तिसरी-चौथी उजाडते.

लिपि प्रामाणिक असल्याचा एक परिणाम मात्र असा होतो कीं, आपल्याकडे असें मूल वाचतांना फारसें चुकत नाहीं. तें हळू वाचतें. जर्मन, इटालियन अशा सरळ लिहिल्या जाणाऱ्या भाषांतही हेंच आढळलें आहे. मूल एकेक अक्षर बोट ठेवून लावतें, ओळीच्या शेवटास पोंचेपर्यंत आरंभ विसरतें, आणि अर्थ हातीं लागत नाहीं. चुका मोजणाऱ्या शिक्षकास तें दिसत नाहीं. घड्याळ लावणाऱ्यास दिसतें.

ह्याहून मोठें पांघरूण म्हणजे पाठांतर. आपल्या घरांतून मुलांस स्तोत्रें, पाढे, श्लोक लहानपणींच येतात आणि स्मरणशक्तीला वळण लागलेलें असतें. असें मूल पहिलीचें संपूर्ण पुस्तक ऐकून पाठ करितें. पानावर बोट फिरवीत तें असें 'वाचतें' कीं आजीला धन्य वाटावें. डोळा कोठें आहे इकडे पाहावें. तो खिडकीबाहेर असतो. ह्याची परीक्षा अगदीं सोपी आहे. पान खालच्या ओळीपासून वर वाचावयास सांगा. चित्रावर हात ठेवा. ओळींतील तिसरा शब्द तेवढा विचारा. किंवा कोणत्याच भाषेंत नसलेले शब्द कागदावर लिहा, 'टमुके', 'बोनीद', 'रासफू', आणि वाचून घ्या. पाठ केलेल्यास हे येणार नाहींत. अक्षर लागलेल्यास हंसत हंसत येतील. ह्या एका युक्तीनें मीं वर्गांत जेवढीं मुलें ओळखलीं, तेवढीं वार्षिक परीक्षेनें कधीं ओळखतां आलीं नाहींत.

पण शाळेपर्यंत तरी कां थांबावें? फिनलंड देशांत यवास्क्युला येथील विद्यापीठांतल्या संशोधकांनीं सुमारें दोनशें मुलें जन्मापासून पुढें कित्येक वर्षें पाहिलीं. त्यांपैकीं जवळजवळ निम्मीं अशा घरांतलीं, जेथें आईस किंवा बापास वाचनाचा त्रास होता. शाळेंत जाण्यापूर्वीं, वयाच्या चौथ्या-पांचव्या वर्षीं, अक्षरांचीं नांवें ओळखण्यांत जें मूल फार मागें राहतें, तें पुढें वाचनांतही मागें राहण्याचा संभव अधिक, असें त्यांस आढळलें. आपल्या घरांत ही पाहणी करावयास संशोधक नको. आजी पुरे.

उशिरां बोलूं लागणें ही पहिली खूण. एकट्या ह्या खुणेवरून कांहीं ठरवूं नये, पण ध्यानांत ठेवावी. चौथ्या-पांचव्या वर्षीं यमकाचा खेळ खेळून पाहावा. 'भात' म्हटल्यावर 'हात', 'सात' असें मूल आपण होऊन म्हणूं लागतें, अर्थहीन शब्दही बनवितें आणि खिदळतें. ज्यास ही गंमतच कळत नाहीं त्याकडे जरा लक्ष असावें. नेहमींच्या वस्तूंचीं नांवें ऐन वेळीं न सुचणें ही दुसरी खूण: घड्याळ माहीत असतें, पण "तें... भिंतीवरचें, टिकटिक करितें तें" असा वळसा घ्यावा लागतो. वारांचा क्रम, महिन्यांचा क्रम, डावें-उजवें ह्यांत पुनःपुन्हां घोटाळा होतो. अक्षर उलटें लिहिणें ह्याचा मात्र लोकांनीं उगाच बाऊ केला आहे. सहा-सात वर्षांपर्यंत सगळींच मुलें केव्हां ना केव्हां उलटें लिहितात.

सहाव्या वर्षानंतर भेंड्या! आपल्या ह्या खेळाइतकी उत्तम तपासणी कोणा पाश्चात्य पंडितास सुचली असेल असें मला वाटत नाहीं. गाणें कोणत्या अक्षरावर संपलें हें ओळखावयाचें, तें अक्षर सुटें करावयाचें, आणि त्याच अक्षरानें सुरू होणारें दुसरें गाणें आठवावयाचें. कांहीं मुलांस शेंकडों गाणीं येतात, गळाही गोड असतो, पण 'म' आला म्हणतांच तीं शेजारच्याच्या तोंडाकडे पाहतात. त्यानंतर तोंडी कोडीं घालावीं. 'सकाळ' मधला 'स' काढला तर काय राहिलें? 'पाणी' च्या 'प' च्या जागीं 'ग' घातला तर काय होईल? पहिलें बहुतेकांस लवकर येतें. दुसरें अवघड, कारण तेथें अक्षराच्या पोटांत शिरून व्यंजन काढावें लागतें. सात-आठ वर्षांचीं मुलें आपसांत 'च' ची भाषा बोलतात तीही अशीच. शब्दाचें पहिलें अक्षर उचलून शेवटीं न्यावयाचें आणि आरंभीं 'च' बसवावयाचा. 'माझं नाव' चें 'चझंमा चवना' होतें. मोठ्यांस हा आचरटपणा वाटतो. वस्तुतः तें वर्णविश्लेषणाचें उत्तम अनुशासन आहे, आणि ज्या मुलास भावंडांची ही भाषा महिनोन् महिने कळत नाहीं, तें मूल गुपितांतून वगळलें जातें म्हणून एकटें पडतें, त्याचें कारण कोणाच्याही लक्षांत येत नाहीं.

आपल्या खानदेशांत एका गोष्टीची विशेष सावधगिरी हवी. घरीं अहिराणी, तावडी किंवा भिल्ली बोलणारें मूल शाळेंत प्रमाण मराठी वाचूं लागतें तेव्हां तें 'डोळा' च्या जागीं 'डोया' लिहितें, 'माझा' पाहून 'मना' म्हणतें. ह्यास कोणी डिस्लेक्सिया म्हणूं नये. त्या मुलाचा कान उत्तम आहे. तो जें ऐकतो तेंच लिहितो. त्यास दुसरी भाषा शिकावयाची आहे, एवढेंच. ह्याच्या उलट चूक आपल्या शहरी घरांतून होते. मराठी बोलणारें मूल इंग्रजी माध्यमांत घातलें, अडखळलें, कीं "इंग्रजी कठीण जातें" म्हणून दोन वर्षें समाधान करून घ्यावयाचें. मग त्यास घरीं मराठी वाचून पाहावयास द्या. दोन्हीं भाषांत तोच अडथळा दिसला तर दोष भाषेचा नाहीं. दोन्हीं भाषांत तपासल्याशिवाय कोणताही निर्णय ग्राह्य मानूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

मुली ह्यांतून निसटतात. मुलगा वाचतां आलें नाहीं कीं वर्गांत दंगा करितो व दंग्यामुळें कोणाच्या तरी नजरेस येतो; मुलगी खालीं मान घालून बसते. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत सरसकट सर्वांची परीक्षा घेऊन केलेली एक पाहणी १९९० सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें दिसून आलें कीं, शाळा निवडून पाठवितात त्यांत मुलगे कितीतरी अधिक, पण स्वतंत्र परीक्षेंत मुलगे व मुली ह्यांत म्हणण्यासारखा फरक नाहीं. तेव्हां "ती शांत आहे हो" असें ज्या मुलीविषयीं म्हटलें जातें, तिच्या हातीं एकदां 'टमुके' चा कागद द्यावाच.

कोणी विचारील, पूर्वीं अशीं मुलें नव्हतीं काय? होतीं, पण शिक्षण कानानें होत असल्यामुळें त्यांचें फारसें अडत नसे. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि लिहिलेलें पाहून वाचणारा हा त्यांपैकीं एक आहे! म्हणजे ज्या कौशल्याचा अभाव म्हणून आज आपण मुलास मारतों, तें कौशल्य वापरणें हाच त्या काळीं पाठकाचा दोष. आणि आपल्या जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी? त्यांना वाचनाचा कांहीं दोष होता असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. त्यांस कोणी शाळेंतच घातलें नाहीं. पण १९५२ त, त्यांच्या निधनानंतर वर्षानें, त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें बाहेर आलीं आणि अक्षरशून्य माणसाची बुद्धि किती खोल जाऊं शकते हें महाराष्ट्रानें पाहिलें. अक्षर आणि अक्कल ह्यांची सांगड आपण समजतों तितकी पक्की नाहीं.

मात्र ह्यावरून "नाहीं वाचतां आलें तर नाहीं" असें म्हणून भागणार नाहीं. आजचें जग लिखितपाठकांचें आहे. रेल्वेच्या फलकापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सर्व अक्षरांवर चालतें, आणि आठव्या-नवव्या वर्षापर्यंत जो वाचावयास शिकला नाहीं त्यास पुढें वाचून शिकावयाचें असतें तें सर्वच बंद होतें. इतिहास, भूगोल, गणितांतील शाब्दिक उदाहरणें, सर्व. म्हणून लवकर ओळखण्यास एवढें महत्त्व. पहिली-दुसरींत रोज थोडी नेमकी शिकवणी मिळाली तर बहुतेक मुलें मार्गास लागतात. चौथीनंतर तेंच काम दुप्पट-तिप्पट वेळ खातें, आणि मधल्या काळांत मुलाच्या मनानें "मी ढ आहे" हें घट्ट धरून ठेविलेलें असतें. तें सोडविणें अक्षरापेक्षां कठीण.

शिकवणी कशी असावी? एका वेळीं एकच अक्षर. आवाज, आकृति व हाताची चाल हीं तिन्ही एकत्र. अमेरिकेंत सॅम्युएल ऑर्टन ह्या वैद्यानें १९२५ पासून अशा मुलांचा अभ्यास केला व ॲना गिलिंगहॅम ह्या शिक्षिकेनें त्यावरून जी पद्धति बसविली तिचें सार हेंच आहे कीं, डोळा, कान आणि हात ह्या तिघांनीं मिळून अक्षर शिकावें. मला ती वाचून धूळपाटी आठवली. फळीवर धूळ पसरून तींत बोटानें अक्षर गिरवावयाचें आणि गिरवितांना मोठ्यानें म्हणावयाचें, ही आपल्या जुन्या पंतोजींची रीत. माँटेसोरीबाईंचीं खरखरीत कागदाचीं अक्षरेंही त्याच जातीचीं. आज धूळपाटी नसली तरी ताटांत रवा पसरावा. मुळाक्षरें ओळीनें न शिकवितां प्रथम ज्यांचें रूप व ध्वनि दोन्ही दूर आहेत अशीं घ्यावींत. 'घ' आणि 'ध' एकाच आठवड्यांत शिकविणें म्हणजे मुलास खड्ड्यांत लोटणें. 'न', 'क', 'स' झाल्यावर लगेच त्यांचे शब्द करावेत. रोज वीस मिनिटें, त्याहून अधिक नको, पण रोज. शब्द दहादहा वेळां लिहून घेण्याची शिक्षा बंद करावी, कारण चुकीचा शब्द दहा वेळां लिहिल्यानें तो दहा पट पक्का होतो. आणि धड्यांतील विषय मागें पडूं नये म्हणून कोणीतरी त्यास पुस्तकें वाचून दाखवावींत. एकत्र कुटुंबाचा हा फायदा विभक्तांस कोठून मिळणार! एक काकू वाचून दाखवील, एक आत्या रवा पसरील, आजोबा गणित तोंडी घेतील.

अर्थात् त्याच कुटुंबाचा तोटाही आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. चुलत भावंडें एका ओळींत बसवून वाचन घेणें हा आपल्याकडील सायंकाळचा जुना प्रघात. ज्यास अक्षर लागत नाहीं त्यासाठीं ती रोजची चावडी होते. त्याचें वाचन वेगळ्या खोलींत, एकाच माणसापाशीं व्हावें. दुसरें, हा दोष पुष्कळदां वंशांत असतो. आई किंवा वडील ह्यांपैकीं एकास असेल तर मुलास असण्याचा संभव तीनांत एक ते दोहोंत एक इतका असतो, असें निरनिराळ्या पाहण्या सांगतात. हें वाक्य उच्चारतांच घरांत "आमच्या घराण्यांत असें कोणी नाहीं, हें तिकडून आलें" असा वाद सुरू होतो. माहेर-सासरची ही वांटणी मुलाच्या कांहीं उपयोगाची नाहीं. उपयोगाची गोष्ट एकच: कोणा वडील माणसास लहानपणीं असाच त्रास झाला असेल तर त्यानें तो मुलापुढें बोलून दाखवावा. हिशेब चोख ठेवणारे, दुकान भरभराटीस आणलेले, पण वर्तमानपत्र दुसऱ्याकडून वाचवून घेणारे गृहस्थ आपल्या प्रत्येक गांवीं आहेत. मुलीचें लग्न ठरेपर्यंत निदान लपवावें, असाही सल्ला देणारे असतात. दहा-पंधरा वर्षांनंतरच्या सोयरिकीसाठीं आजची पहिली-दुसरी वायां घालविणें मला तरी पटत नाहीं.

महाराष्ट्रांत ह्या बाबतींत कांहींच झालें नाहीं असें नाहीं. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत अध्ययन-अक्षमतेची तपासणी करणारा विभाग पुष्कळ वर्षें काम करीत आला आहे, आणि मुलें तेथें पोंचतात तीं अडचण सुरू झाल्यावर कित्येक वर्षांनीं, ही तेथील डॉक्टरांच्या लेखांतील कायमची खंत. १९९६ सालीं मुंबईंत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था निघाली, व त्याच सुमारास राज्य सरकारनें अशा विद्यार्थ्यांस परीक्षेंत सवलती दिल्या. २००७ सालीं 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि जें आम्हां शिक्षकांस व्याख्यानें देऊन साधलें नव्हतें तें त्यानें अडीच-तीन तासांत साधलें. घरोघरीं हा शब्द गेला. त्याचा एक दुष्परिणाम असा कीं असें प्रत्येक मूल चित्रकारच निघणार, अशी लोकांची समजूत झाली. कांहीं निघतात, बहुतेक इतर मुलांसारखीं साधीं निघतात, आणि त्यांत कमीपणा नाहीं.

मराठींतून तपासणीचें साधनच नव्हतें, ही फार मोठी उणीव होती. इंग्रजी चाचणीवर मराठी मुलगा मोजावयाचा म्हणजे शेराच्या मापानें कापड मोजण्यासारखें. हरियाणांतील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें 'डाली' नांवाची चाचणी तयार केली ती २०१५ त बाहेर आली; ती हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी ह्या भाषांत असून पहिली ते पांचवीच्या मुलांसाठीं आहे, व तिचा पहिला भाग शिक्षकांनीं भरावयाचा आहे. आपल्या मुलाच्या शाळेंत ती आहे काय, हें पालकसभेंत विचारण्यास हरकत नसावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यांत एकवीस प्रकार मानले गेले, त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आली. १९९५ च्या कायद्यांत ती नव्हती. सरकारी प्रमाणपत्र आठ वर्षें पूर्ण झाल्यावर मिळतें, आणि पुढें चौदाव्या व अठराव्या वर्षीं पुन्हां तपासणी, असा नियम २०१८ सालीं घालून दिला गेला. प्रमाणपत्रामुळें परीक्षेंत तासास किमान २० मिनिटें अधिक मिळूं शकतात, लेखनिक घेतां येतो. "दिव्यांग" हा शब्द ऐकून पुष्कळ घरें दचकतात आणि प्रमाणपत्रच नको म्हणतात. त्यांचें दचकणें मी समजूं शकतों. पण दहावीच्या पेपरास बसलेल्या मुलास घड्याळाचा कांटा पुढें जातांना पाहून जें दचकावें लागतें, त्याचाही विचार करावा.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींच्या पुतण्यास आठ वर्षें पूर्ण व्हावयास सहा महिने आहेत. ते सहा महिने प्रमाणपत्राची वाट पाहाण्यांत घालवूं नयेत. कान-डोळे ह्या आठवड्यांत, रवा उद्यांपासून. जावेस सांगणें अवघड असेल तर हा अंक स्वयंपाकघरांत उघडा ठेवावा. आणि आजोबांस माझी विनंति कीं, सायंकाळचा मार बंद करून त्या वेळीं बुद्धिबळाचा पट मांडावा.

आतां एक काम वाचकांकडे. 'च' ची भाषा मीं वर दिली ती आमच्या धुळ्याकडील मुलांची. 'र' ची, 'फ' ची अशा आणखी भाषा ठिकठिकाणीं आहेत असें ऐकतों. नाशिक, वऱ्हाड, कोंकण, बेळगांव इकडील वाचकांनीं आपल्या घरच्या मुलांकडून त्यांचे नियम विचारून ह्या पत्त्यावर कळवावेत. सोबत तें मूल किती वर्षांचें आहे तें लिहावें. पुढील महिन्यांत पाढ्यांविषयीं लिहिण्याचा विचार आहे.